रिमोटचं विमान: पहिल्या उड्डाणाआधी टेबलावर करायची कामं

ईदीचे पैसे आणि मामूंनी हातावर ठेवलेल्या नोटा एकत्र करून घरातला मुलगा किंवा मुलगी रिमोटचं विमान घेते. रविवारी सगळं घर मैदानावर जातं, चाचा मोबाइलवर शूटिंग सुरू करतात, आणि दहाव्या सेकंदाला विमान नाकावर आपटतं. हे दृश्य आम्ही मैदानावर बऱ्याचदा पाहिलं आहे. पोराला वाटतं आपल्याला जमणारच नाही, अब्बांना वाटतं पैसे पाण्यात गेले, आणि विमान माळ्यावर जातं. पण पुष्कळदा उडवणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. बॅटरी दोन बोटं मागे बसलेली असते, प्रोपेलर उलटा लागलेला असतो, किंवा काडी उजवीकडे दाबली की विमान डावीकडे कलेल अशी जोडणी झालेली असते. या तिन्ही गोष्टी घरी टेबलावर सापडतात, त्याला पैसे लागत नाहीत. म्हणून या लेखात उडवण्यापेक्षा तयारीवर जास्त बोलू.

आधी एक फरक. चार पंख्यांचा ड्रोन हा वेगळा प्रकार. त्याच्या पोटात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, त्यामुळे हात सोडला तरी चांगला ड्रोन हवेत जागच्या जागी थांबतो. विमान थांबू शकत नाही. पंखावरून हवा वाहत राहिली तरच ते वर राहतं. ड्रोन उडवणारा मुलगा विमान सहज उडवेल, असं समजू नका.

शिकण्यासाठी फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं विमान घ्यावं. सनबोर्ड किंवा थर्माकोल कापून घरीही बनवता येतं, कॉलेजची पोरं तसंच बनवतात. समजा पंखाची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर आणि बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅम. हे माप शिकणाऱ्याला चांगलं, कारण पंखाच्या मानाने वजन कमी असेल तर विमान हळू उडतं आणि विचार करायला वेळ मिळतो. छोटं विमान सोपं असेल असं अम्मी-अब्बांना वाटतं, पण ते वाऱ्याने जास्त हेलकावतं आणि लांब गेलं की दिसेनासं होतं. चिकटवताना एक लक्षात ठेवा, फेविक्विक थर्माकोलला खातं. तिथे ग्लू गन किंवा फोमसाठीचाच गोंद वापरा, आणि ग्लू गनही फार तापू देऊ नका.

आत काय काय असतं ते थोडक्यात. हातातला रिमोट म्हणजे ट्रान्समीटर, विमानातला रिसीव्हर, पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटारी, पुढची ब्रशलेस मोटर, आणि तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर, ज्याला सगळे ईएससी म्हणतात. मोटरवर १००० केव्ही लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हजार किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला १००० फेरे असा तो आकडा आहे. वर सांगितलेल्या विमानाला अशी मोटर, ३० अँपिअरचा ईएससी आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी चालते. ओढ पुरेशी आहे का ते बघायला सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो. काटा भक्कम बांधा, विमानाची शेपूट त्याला अडकवा, दुसऱ्या कोणाला तरी विमान धरायला सांगा आणि मोटर पूर्ण चालवा. ८०० ग्रॅमच्या विमानाला काट्यावर ५०० ग्रॅमच्या वर ओढ दिसली तर शिकायला पुरे.

आता टेबलावरची कामं. पहिला नियम असा की प्रोपेलर काढून ठेवायचा. हे आम्ही प्रत्येक नव्या घराला सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, "अहो, एवढासा तर आहे." एवढासाच असतो, पण मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि बोटाचं हाड दिसेपर्यंत कापतो. घरात लहान भावंडं असतील तर बॅटरी जोडताना त्यांना खोलीबाहेर ठेवा.

प्रोपेलर काढला की आधी ट्रान्समीटर सुरू करा, थ्रॉटलची काडी पूर्ण खाली ठेवा, आणि मगच विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलट, आधी बॅटरी काढा आणि ट्रान्समीटर शेवटी. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा, दिशा बदलते. प्रोपेलर परत बसवताना त्यावरचे आकडे ज्या बाजूला छापलेले असतात ती बाजू विमान जिकडे जाणार तिकडे, म्हणजे पुढे असायला हवी. उलटा बसवला तरी तो वारा मागेच फेकतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. ओढ मात्र बरीच कमी होते आणि विमान हातातून सुटून सरळ गवतात जातं.

मग दिशा तपासा. विमानाच्या मागे उभे राहा, त्याची शेपूट तुमच्याकडे. एलेरॉनची काडी उजवीकडे दाबली की उजव्या पंखाची पट्टी वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. अनेकांना हे उलटं वाटतं, म्हणून कारण समजून घ्या. पट्टी वर गेली की त्या पंखाची उचल कमी होते, तो पंख खाली जातो आणि विमान त्या बाजूला कलतं. एलिव्हेटरची काडी स्वतःकडे ओढली की शेपटीची पट्टी वर, आणि रडर जिकडे दाबाल तिकडे. काही उलटं दिसलं तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्सचा पर्याय असतो. हे मुलाकडून तोंडाने बोलून करून घ्या: "उजवी, उजवी वर." नुसतं "हलतंय की सगळं" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. उलटी पट्टीसुद्धा छानच हलते.

सगळ्यात महत्त्वाचं काम तोलाचं. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटर मागे, पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना पेनने खूण करा. बॅटरी जागेवर बसवा, दोन्ही हातांचं एकेक बोट त्या खुणांवर ठेवून विमान उचला. ते सपाट राहायला हवं किंवा नाक किंचित खाली. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्याने भागलं नाही तर नाकात थोडं वजन चिकटवा. मग बॅटरी वेल्क्रोने घट्ट बांधा आणि तिच्या जागी रेघ मारा, म्हणजे मैदानावर परत तोल शोधावा लागणार नाही.

असं का, तेही बघू. वजन पुढे असलं की शेपटीचा आडवा पंख मागची बाजू थोडी खाली दाबून तोल राखतो. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेगाबरोबर शेपटीचा दाब वाढतो आणि नाक आपोआप वर येतं. विमान स्वतःला सावरतं. वजन मागे गेलं की हे सावरणं संपतं. नाक जड असेल तर विमान आळशी होतं, पण ऐकतं. शेपूट जड असेल तर ते वर बघतं, लटपटतं आणि कोलमडतं, मग रिमोट कोणाच्याही हातात असो. नवव्या शतकात कोर्दोबाच्या अब्बास इब्न फिरनासने पंख लावून झेप घेतल्याचं सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी लिहितो. उतरताना त्याला मार लागला, आणि त्याचं कारण दिलं आहे ते शेपूट नसल्याचं. ही हकीकत घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहे, पण शेपटीबद्दलचा मुद्दा मैदानावर आजही पटतो.

बॅटरीबद्दल घरातल्या मोठ्यांनी स्वतः वाचावं. लिपो बॅटरी सहसा कडक डब्यात नसते आणि चिडली तर पेट घेते. पूर्ण भरल्यावर एका सेलचे ४.२ व्होल्ट, म्हणजे तीन सेलचे १२.६. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर खराब होतो. चार्जर बॅलन्सवालाच हवा, आणि २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरपेक्षा जास्त वेगाने भरू नका. गादीवर, सोफ्यावर, पडद्याजवळ चार्ज करायचं नाही. फरशीवर, मोकळ्या जागी, आणि कोणीतरी जागं असताना. रात्री लावून झोपणं तर नाहीच नाही. फुगलेली बॅटरी परत वापरू नका, आणि मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी ठेवू नका.

किती वेळ उडेल याचा हिशोब मुलालाच करू द्या, गणिताची चांगली उजळणी होते. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास. सरासरी १२ अँपिअर लागले तर ११ मिनिटं. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, ८० टक्के वापरायची, म्हणजे पावणेनऊ मिनिटं. पहिल्या दिवशी टायमर ६ मिनिटांवर लावा, कारण उतरताना एक-दोन फेऱ्या हुकतात.

जागा आणि कायदा. भारतात ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झाले आणि रिमोटचं विमानही त्यांच्या कक्षेत येतं. छंदासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं यान 'मॉडेल' धरलं जातं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतचं यान व्यापारासाठी नसेल तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवे, पिवळे आणि लाल भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय उडवता येत नाही. आपलं मैदान कोणत्या रंगात आहे आणि नोंदणीचं काय, हे विमान घेण्याआधीच बघा. यापलीकडे स्थानिक पोलिसांचे आदेश असतात. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटच्या विमानांवर ठराविक मुदतीची बंदी घालतात. 'फोमचं खेळणं आहे' हे त्या आदेशापुढे चालत नाही. आमचा मशवरा असा की सोबत एक मोठा माणूस असावा, बिल जवळ ठेवावं, कॅमेरा लावू नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कानावर घालावं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एकट्याने चौकशीला उत्तरं द्यायला लागू नयेत. मुलगा किंवा मुलगी एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये असेल तर तिथे एरोमॉडेलिंग असतं, शिकवणारे मिळतात.

वेळ फजरनंतरची उत्तम. सूर्य वर येईपर्यंत वारा मंद असतो आणि क्रिकेटवाले आलेले नसतात. विजेच्या तारा, मोबाइलचे टॉवर, रस्ता जवळ नको. संक्रांतीच्या आसपास मांजा प्रोपेलरमध्ये अडकतो, ते दिवस सोडून द्या. मैदानावर पोहोचल्यावर रेंज तपासा. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये कमी ताकदीचा पर्याय असतो, तो लावून ३० पावलं दूर जायचं आणि पट्ट्या नीट हलतात का ते दुसऱ्याने बघायचं. मग थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून ट्रान्समीटर बंद करून बघा, मोटर थांबली पाहिजे. हे करताना विमान कोणीतरी मागून घट्ट धरलेलं असावं.

उड्डाण नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. थोडं गवत उडवून दिशा बघा. थ्रॉटल तीन चतुर्थांश, फेकणाऱ्याने विमान सपाट, सरळ पुढे फेकायचं, आकाशाकडे नाही. पहिल्या काही सेकंदांत काडी अगदी हलकी हलवा आणि निदान दीडशे फूट उंची गाठा. उंची म्हणजे सावरायला मिळालेला वेळ. विमान आपोआप एका बाजूला ओढत असेल तर वर गेल्यावर ट्रिमने सरळ करा.

दोन गोष्टी नव्या हाताला हमखास गोंधळात टाकतात. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं. त्यावर तोडगा सोपा आहे: जो पंख खाली गेलेला दिसतो, काडी त्याच्याच बाजूला दाबा, विमान सरळ होतं. दुसरी गोष्ट स्टॉल. वेग कमी झाला आणि नाक वर राहिलं की पंखाची उचल तुटते, विमान एका बाजूला कोसळू लागतं. तेव्हा हात आपोआप काडी स्वतःकडे ओढतो आणि विमान आणखी बिघडतं. काडी पुढे सोडा, नाक खाली जाऊ द्या, वेग येऊ द्या, मग हळूच उचला. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हे पन्नास वेळा करून पाहता येतं, आणि तिथे फोम तुटत नाही.

उतरतानाही वारा समोरून. लांबूनच थ्रॉटल कमी करा, विमान आपल्या वजनाने खाली येऊ द्या, जमिनीपासून कंबरभर उंचीवर थ्रॉटल बंद आणि काडी जराशी मागे. अंदाज चुकतोय असं वाटलं तर थ्रॉटल देऊन परत एक फेरी मारा, म्हणून तर बॅटरी राखून ठेवली आहे. उचलायला जाताना थ्रॉटल कटचं बटण लावलेलं असावं. घरी आल्यावर पुढच्या रविवारपर्यंत बॅटरी भरून ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज पर्यायाने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणा, आणि उडायच्या आदल्या संध्याकाळी भरा.