वाघाची वाटचाल आणि संख्याशास्त्र

वन्य प्राण्यांचे रक्षण म्हणजे अभयारण्याच्या सीमेचे रक्षण, अशी समजूत अनेकदा आढळते. वयात आलेला नर वाघ मात्र स्वतःच्या क्षेत्राच्या शोधात ही सीमा ओलांडतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या अशाच एका वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसविण्यात आली. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, वस्त्या व रस्ते ओलांडीत वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत त्याची एकूण वाटचाल ३,००० किलोमीटरच्या आसपास भरली.

कॉलर ठराविक वेळाने प्राण्याचे स्थान कळविते. नकाशावर असे हजारो बिंदू जमा झाले, तरी त्यांचा अर्थ आपोआप कळत नाही. त्यासाठी संख्याशास्त्राचा आधार घ्यावा लागतो.

पाऊल आणि वळण

लागोपाठच्या दोन बिंदूंमधील सरळ अंतरास एक ‘पाऊल’ मानतात आणि प्रत्येक पावलानंतर दिशा किती बदलली, हे मोजतात. दिशाहीन भटकंतीचा गणिती प्रश्न कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडला होता. पावले आखूड व वळणे तीव्र असतील, तर प्राणी मुक्कामास किंवा भक्ष्यावर असण्याची शक्यता अधिक. पावले लांब व सरळ असतील, तर तो प्रवासात असण्याची. ही अवस्था प्रत्यक्ष दिसत नाही. ती संभाव्यतेने ठरविली जाते. नोंदी फार विरळ असतील, तर मधली वळणे निसटतात आणि अंतरही प्रत्यक्षाहून कमी भरते.

तुलना कशाशी?

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. समजा, शंभरांपैकी सत्तर बिंदू शेतांत पडले. यावरून वाघाला शेते आवडतात असे म्हणता येईल काय? त्याच्या आवाक्यातील नव्वद टक्के जमीन शेतीचीच असेल, तर वास्तविक तो शेते टाळीत होता, असाच निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक खऱ्या पावलाबरोबर, त्याच ठिकाणाहून टाकता आली असती अशी अनेक काल्पनिक पावले संगणकावर मांडतात. प्राणी कोठे गेला याची, तो कोठे जाऊ शकला असता याच्याशी तुलना होते. ओढ्याकाठची झाडी, रस्ता, वस्ती यांचे प्राण्याच्या दृष्टीने मोल त्यातून कळते.

रस्ते व कालवे आखताना या ज्ञानाचे महत्त्व मोठे आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर लांबीचे ९ मार्ग ठेवण्यात आले. वाघासह १८ जातींच्या वन्य प्राण्यांनी त्यांचा वापर केल्याचे २०१९ मधील कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून दिसून आले. असा मार्ग चुकीच्या जागी बांधला गेल्यास खर्च होतो, प्राणी मात्र रस्त्यावरच मरतो.

अर्थात, एका वाघावरून सर्व वाघांविषयी नियम ठरविता येत नाही. क्षेत्र शोधणारा तरुण नर आणि पिले सांभाळणारी वाघीण यांच्या वाटा भिन्न असतात. एवढे मात्र निश्चित की, दोन जंगलांमधील वाट बहुधा गावांच्या शिवारातून जाते. नाल्याकाठची झाडी राखावी की तोडावी, हा निर्णय पुष्कळदा ग्रामसभेपुढेच येतो. त्या वेळी नकाशावरील या बिंदूंचा अर्थ गावालाही ठाऊक असणे आवश्यक आहे.