रस्त्याच्या पोटात दडलंय काय?

बालमित्रांनो, समृद्धी महामार्गावरून कधी गेला आहात का? नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत तब्बल ७०१ किलोमीटरचा हा रस्ता! नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तो कोपरगाव तालुक्यातून जातो आणि तिथेच गोदावरी ओलांडतो. गाडीत बसून आपल्याला दिसतो तो फक्त वरचा सपाट, गुळगुळीत भाग. पण रस्ता टिकणार की नाही, हे ठरतं ते न दिसणाऱ्या भागावर. चला तर, आज रस्त्याच्या पोटात डोकावू या!

लाडकी माती, छळणारी माती

गोदाकाठची काळीभोर माती तुम्हाला ठाऊकच आहे. ऊस, गहू, कांदा भरभरून देणारी! पण शेतकऱ्याची ही लाडकी माती रस्ता बांधणाऱ्याला मात्र फार छळते, बरं का. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला मोठमोठ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट रस्ता केला, तर तोही वर-खाली होणार आणि तडकणार. म्हणून अशा ठिकाणी ती माती काढून मुरूम भरतात, किंवा तिच्यात चुना मिसळून तिचा स्वभाव जरा शांत करतात.

मग एकावर एक थर घालायचे आणि रोलरने दाबायचे. आई भाकरीचं पीठ मळते ते आठवा. पाणी कमी पडलं तर भाकरी चिरते, जास्त झालं तर पीठ हाताला चिकटतं. भरावाचंही अगदी तसंच! ओलावा बेताचा असेल, तरच थर घट्ट बसतो.

तो घट्ट बसला हे कसं ओळखायचं? दाबलेल्या थरात एक छोटा खड्डा खणतात. निघालेली माती तोलतात आणि तिच्यातला ओलावा मोजतात. मग त्या खड्ड्यात कोरडी वाळू भरतात. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं आणि गणित करून घट्टपणा काढता येतो. शाळेतली घनता अशी रस्त्यावर भेटते, पाहा!

अठ्ठावीस दिवसांची परीक्षा

काँक्रीटचीही परीक्षा असते. ओतकाम चालू असतानाच त्यातलं थोडं काँक्रीट १५ सेंटीमीटर बाजूच्या साच्यांत भरतात. तयार झालेले ठोकळे पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. 'एम-४०' जातीचं काँक्रीट असेल, तर एका ठोकळ्याने सुमारे ९० टन भार सोसायला हवा. म्हणजे जवळजवळ वीस हत्ती!

पण इथे एक मोठी अडचण आहे. २८ दिवस काम थांबत नाही. ठोकळा नापास झाला, तोवर वर पुढचं काम चढलेलं असतं. तेव्हा खरं सांगून झालेलं काम तोडायचं, की गप्प बसून पुढे जायचं? तोडण्यात पैसा जातो, दिवस जातात. गप्प बसलं, तर पुढे कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

समृद्धीचं काम १६ भागांत वाटून दिलं होतं. अशा कामांत आराखडा करणं, सामान आणणं आणि बांधणं हे सगळं एकाच कंपनीकडे असतं. त्यामुळे काम झपाट्याने होतं आणि जबाबदारी कुणाची, हा वाद राहत नाही. पण विचार करा, ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासला तर? म्हणून तपासायला निराळा अभियंता लागतो. वरचा थर पडण्याआधी खालचा थर त्याने पाहायलाच हवा. झाकलेली चूक शोधणं फार कठीण!

पाण्याची वाट, हरणांची वाट

रस्ता म्हणजे शेतांमधून घातलेला लांबच लांब बांधच. मध्ये ओढा आला आणि पुरेशी मोठी मोरी ठेवली नाही, तर पाणी तुंबून शेतात शिरतं. म्हणून पावसाळ्यात पाणी कुठून, किती येतं, हे गावातल्या जाणत्या माणसांनाही विचारायला हवं.

प्राण्यांचंही तसंच. आपल्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटं आहेत ना? तशीच ती वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातही आहेत आणि समृद्धी त्याच्याजवळून जातो. त्यांनी भरधाव गाड्यांमधून पलीकडे जायचं कसं? यासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेऊन समृद्धीवर प्राण्यांसाठी खास भुयारी मार्ग आणि पूल केले गेले.

आणि नद्या? पुलाच्या खांबांजवळची वाळू बेसुमार उपसली, तर पुराचं पाणी पायापर्यंत उकरत जातं. म्हणजे नदी सांभाळली, तरच पूल सांभाळला जातो!

पूल बांधून झाला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली, अनेकांचे प्राण गेले. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल झाला. पण गेलेली माणसं परत आली नाहीत. माणसासारखी पुलाचीही तब्येत वरचेवर तपासावी लागते, ती यासाठी.

करून पाहा

दोन बशा घ्या. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम घेऊन दोन्हींत पाणी घालून कालवा आणि चार दिवस उन्हात ठेवा. कुठे भेगा पडल्या? वहीत चित्र काढा.

तुमच्या गावाजवळ रस्त्याचं काम चालू असेल, तर आई-बाबांबरोबर दूर उभं राहूनच पाहा. यंत्रांच्या जवळ मुळीच जायचं नाही हं! नव्या काँक्रीटवर ओली पोती घातली आहेत का? धूळ बसावी म्हणून पाणी मारतात का? ओढ्यावर मोरी ठेवली आहे का? नसेल तर ग्रामसभेत विचारायला आई-बाबांना सांगा. रस्त्याचं पोट झाकलं जायच्या आधी विचारलेला प्रश्नच उपयोगी पडतो!