गाडीच्या दाराचं माप : घर बांधताना मोजायची आणि वर्गात शिकवायची गोष्ट



चौथीच्या वर्गात लांबी मोजण्याचा पाठ घेताना मी दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहिते : "दोनदा मोजा, एकदा कापा." मुलं ते वहीत उतरवून घेतात. पण स्वतःच्या घराचं बांधकाम चालू असताना हे वाक्य मीच विसरले. त्या चुकीतून जे शिकले ते आज सांगते, कारण आपल्या मलकापुरात, आगाशिवनगरात, कराडच्या आजूबाजूला जिकडे बघाल तिकडे बंगल्यांची कामं चालू आहेत. प्रत्येक नकाशात खाली 'पार्किंग' असं लिहिलेलं असतं. त्या पार्किंगच्या दाराचं माप मात्र बहुतेक घरांत गवंडी विचारतो तेव्हा उभ्या उभ्या सांगितलं जातं. आमच्याकडेही तसंच झालं.

आमच्या घरी काय झालं

गवंडीमामांनी विचारलं, "बाई, शटरला किती सोडू?" मी टेप धरून म्हटलं, "आठ फूट सोडा की. गाडी काय सहा फुटाच्या आतलीच आहे." आमची गाडी स्विफ्ट. हिशोब बरोबरच वाटला. गिलावा झाला, फरशी झाली, शटर बसलं. पहिल्या दिवशी गाडी आत घालताना आमच्या ह्यांना दोन्ही आरसे मिटवावे लागले. हसण्यावारी नेलं.

दोन वर्षांनी माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, लकवा झाला. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तो दिवस भर पावसाचा. गाडी पार्किंगमध्ये घातली तर आत दार पुरतं उघडेना. गाडी परत बाहेर काढली, रस्त्यावर उभी केली, आणि एका बाजूनं शेजारच्या काकांनी, एका बाजूनं ह्यांनी धरून आप्पांना पावसातच उतरवलं. मी छत्री धरून उभी होते. आप्पा काही बोलले नाहीत. पण घर त्यांच्या पेन्शनीतून उभं राहिलेलं, आणि त्याच घराच्या दारात त्यांना भिजावं लागलं. त्या रात्री मी टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि पुन्हा सगळं मोजलं.

आठ फुटाचं दार आठ फूट का राहत नाही

बांधकामात दोन मापं असतात. एक कोरं माप, म्हणजे विटांपासून विटांपर्यंतचं. दुसरं तयार माप, म्हणजे सगळं काम झाल्यावर गाडीला प्रत्यक्षात मिळणारी मोकळी जागा. मी गवंडीमामांना सांगितलं ते कोरं माप होतं. माझ्या मनात होतं ते तयार माप.

आता वजाबाकी करू. आठ फूट म्हणजे ९६ इंच. दोन्ही बाजूंना गिलाव्याची जाडी साधारण २० मिलिमीटर, म्हणजे मिळून दीड इंच गेला. शटर ज्या पट्ट्यांत वरखाली होतं ते लोखंडी चॅनेल भिंतीच्या मधोमध बसवले होते, प्रत्येकी तीन इंच, मिळून सहा इंच गेले. राहिले ८८.५ इंच, म्हणजे सात फूट साडेचार इंच.

आता गाडी. स्विफ्टची रुंदी कंपनीच्या माहितीत १७३५ मि.मी. दिलेली असते, म्हणजे सुमारे पाच फूट आठ इंच. पण हे माप आरसे सोडून असतं! आरशासकट आमची गाडी मोजली तर सहा फूट पाच इंच भरली. म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेसहा इंचसुद्धा जागा धड नव्हती. आमच्या ह्यांची गाडी चालवण्यात चूक नव्हती, माझ्या वजाबाकीत होती.

आधी गाडी मोजा, नंतर दार

गाड्यांच्या रुंदीत किती फरक असतो ते बघा. हे आकडे आरसे सोडून आहेत.

- अल्टो के१० : १४९० मि.मी. (सुमारे ४ फूट ११ इंच)
- वॅगन आर : १६२० मि.मी. (सुमारे ५ फूट ४ इंच)
- बोलेरो : १७४५ मि.मी. (सुमारे ५ फूट ९ इंच)
- इनोव्हा क्रिस्टा : १८३० मि.मी. (सुमारे ६ फूट)
- स्कॉर्पिओ एन : १९१७ मि.मी. (सुमारे ६ फूट साडेतीन इंच)

अल्टो आणि स्कॉर्पिओ एन यांच्यात जवळजवळ दीड फुटाचा फरक आहे. घर पन्नास वर्षं टिकतं, गाडी दहा-पंधरा वर्षांत बदलते. म्हणून आज दारात असलेल्या गाडीचं नव्हे, तर पुढे येऊ शकेल अशा मोठ्या गाडीचं माप धरा.

लांबीचीही एक गंमत आहे. बऱ्याच गाड्यांची लांबी ३९९५ मि.मी.च्या आसपास का असते? कारण २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. मग कंपन्यांनी गाड्या चार मीटरच्या आत बसवल्या. ३९९५ मि.मी. म्हणजे १३ फूट १ इंच. इनोव्हा क्रिस्टा मात्र ४७३५ मि.मी., म्हणजे साडेपंधरा फूट. पार्किंगची खोली चौदा फूट ठेवली तर मोठी गाडी आत जाईल, पण शटर खाली येणार नाही.

मग मोकळं दार किती असावं? माझा सोपा नियम असा : आरशासकट गाडीची रुंदी, अधिक दोन्ही बाजूंना एकेक फूट. स्विफ्टसाठी हे आठ फूट पाच इंच होतं, म्हणून रस्ता समोरून सरळ असेल तर नऊ फूट तयार माप धरावं. परदेशात राहणारे नातेवाईक सांगतात किंवा इंटरनेटवर दिसतं ते अमेरिकेतलं एका गाडीचं दारही आठ किंवा नऊ फूट रुंद आणि सात फूट उंच असतं. पण ते तिथल्या रुंद रस्त्यांना आणि सरळ आत जाणाऱ्या वाटेला धरून आहे. आपल्याकडे बारा फुटी बोळातून काटकोनात वळून गाडी आत घालावी लागते. गाडी वळताना तिचं मागचं चाक आतल्या बाजूनं कापत येतं, त्यामुळे खांबाला घासण्याची भीती असते. बोळ जितका अरुंद, तितकं दार रुंद हवं. अशा ठिकाणी दहा ते बारा फूट लागतात.

याची खात्री करायला खर्च नाही. बांधकामाआधी जागेवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या खांबांच्या जागी ठेवा आणि गाडी प्रत्यक्ष आत घालून बघा. खुर्ची पडली तर नुकसान काही नाही.

आतली रुंदी : माणसाचं माप

आमची खरी अडचण इथे होती. दारातून गाडी जाते, पण गाडीतून माणूस कसा उतरणार? आमच्या पार्किंगची आतली रुंदी नऊ फूट. गाडी पाच फूट आठ इंच. उरले ४० इंच. गाडी एका भिंतीला दहा इंचांवर चिकटवून लावली तरी दुसरीकडे अडीच फूट राहतात, आणि त्यात माझी स्कूटी.

गाडीचं दार पुरतं उघडायला बाजूला अडीच ते तीन फूट हवेत. व्हीलचेअरच सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद असते, शिवाय धरणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा लागते. म्हणून एका गाडीला आतून किमान दहा फूट आणि घरात म्हातारं माणूस असेल तर अकरा फूट ठेवा. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी २.५ बाय ५ मीटरची जागा धरतात, म्हणजे सुमारे सव्वाआठ बाय साडेसोळा फूट. पण त्या मापाच्या दोन्ही बाजूंना भिंत असतेच असं नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दार शेजारच्या मोकळ्या जागेत उघडता येतं. बंगल्यात ते भिंतीवर आपटतं.

उंची

रुंदीसारखीच उंचीही खाल्ली जाते. कच्च्या जमिनीपासून लिंटेल सात फूट धरलं, तर खालचं काँक्रीट आणि फरशी चार इंच घेतात, लिंटेलखालचा गिलावा अर्धा इंच, आणि गुंडाळलेल्या शटरची खालची पट्टी तीन-साडेतीन इंच खाली लोंबते. राहिले सहा फूट चार इंच. बोलेरोची उंची १८८० मि.मी., म्हणजे सहा फूट दोन इंच. वर कॅरियर लावला की संपलं. म्हणून फरशीच्या तयार पातळीपासून सात फूट मोकळे आणि शक्य असेल तर आठ फूट ठेवा. शटरच्या गुंडाळीला लिंटेलच्या वर आणखी फूट-दीड फूट जागा लागते. ती नकाशातच दाखवून घ्या.

जोतं रस्त्यापेक्षा उंच असेल तर उताराचाही विचार हवा. साधारण एक फूट उंचीला आठ फूट लांबीचा उतार ठेवतात. तो आपल्या हद्दीत बसला पाहिजे, गटारावर नाही. उतार ताठ असेल तर गाडीचं नाक घासतं, आणि तिरकी असताना टपाला जास्त उंची लागते.

शटर, दोन पाख्यांचं गेट की सरकतं गेट?

दोन पाख्यांचं दहा फुटी गेट घेतलं तर प्रत्येक पाखं पाच फुटांचं. ते आत उघडताना पाच फूट त्रिज्येचा पाव वर्तुळ इतकी जागा घेतं. पार्किंगची खोली सोळा फूट असेल तर पाखं फिरवायला पाच गेले, राहिले अकरा. आणि स्विफ्ट साडेबारा फुटांच्या वर लांब! म्हणजे गाडी आत असताना गेट लावताच येणार नाही. मग लोक पाखं बाहेर रस्त्यावर उघडतात. तेवढ्यात सायकलवरून शाळेला निघालेलं पोर त्यावर आदळतं.

सरकत्या गेटला फिरायला जागा लागत नाही, पण बाजूला गेटइतकीच लांब भिंत मोकळी हवी. शटरला यातलं काहीच लागत नाही, मात्र रुंद शटर जड होतं आणि हातानं उचलवत नाही. मग गिअर किंवा मोटार लागते. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला ते उघडता येईल का, हे दुकानातच उचलून बघा. दर चौरस फुटावर असतो, तेव्हा वरच्या गुंडाळीचं माप बिलात धरलंय का तेही आधी विचारा.

आणि पालकांना हात जोडून एक विनंती. सरकत्या गेटला दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर आणि वर आधाराचे रोलर आहेत का ते बघा. नसतील तर गेट रुळावरून सुटून पडतं. मुलांना गेटवर लोंबकळून झोके घेऊ देऊ नका. शेकडो किलोचं लोखंड असतं ते.

वर्गात हे कसं शिकवावं

१) मैदानावर चुन्यानं खऱ्या मापाची गाडी काढून घ्या. एका गटाला अल्टो, एका गटाला इनोव्हा. आपण किती मोठी गाडी आखली हे बघून मुलं चकित होतात.

२) वर्गाच्या दाराची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायला सांगा. तीन उत्तरं वेगळी आली तर कुठलं धरायचं? सगळ्यात लहान. का, ते मुलांनाच सांगू द्या.

३) दाराचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजा. समान भरले तर चौकट गुण्यात आहे. गवंड्याचा गुण्या, ओळंबा आणि पाण्याची नळी वर्गात आणून दाखवा. एखाद्या मुलाचे वडील गवंडी असतील तर त्यांनाच बोलवा. तो मुलगा त्या दिवशी ताठ मानेनं बसतो.

४) फूट-इंच आणि मीटर यांचा मेळ घाला. १ इंच म्हणजे २५.४ मि.मी. गाडी मिलिमीटरमध्ये, घर फुटात. चुका याच ठिकाणी होतात.

शेवटी

आमचं दार आम्ही कसं सुधारलं ते सांगते. लिंटेल तेवढंच होतं, म्हणून भिंत फोडून रुंदी वाढवणं धोक्याचं होतं. इंजिनिअरना विचारून शटरचे चॅनेल भिंतीच्या मधून काढून आतल्या बाजूला बसवले. सहा इंच परत मिळाले, तयार माप सात फूट साडेदहा इंच झालं. स्कूटी जिन्याखाली गेली. आता गाडी एका अंगाला लावली की दुसऱ्या बाजूनं आप्पांना उतरता येतं. आता ते काठी टेकत चालतात. पहिल्यांदा पार्किंगमध्येच उतरले तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "बाई, आता बसलं माप."

चॅनेल हलवायचा खर्च झाला तो झाला. पण तुमचं घर अजून पायाच्या वर आलं नसेल तर हे सगळं टेप आणि अर्धा तास एवढ्यात होतं. गवंड्याला माप सांगताना एकच शब्द जोडा : "तयार माप."