प्रसूतिकक्षातील तक्रार



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला आठवीच्या वर्गात शरीरशास्त्र शिकवले. एखाद्या मुलीला उत्तर आले नाही, तर बाई तिच्यावर कधी ओरडत नसत. "तुला कळले नाही, म्हणजे माझे काहीतरी सांगायचे राहिले," असे म्हणून त्या पुन्हा फळ्याकडे वळत. पुढे मी डॉक्टर झाले आणि प्रसूतिशास्त्रात पस्तीस वर्षे काढली. पण बाईंचा हा धडा मी फार उशिरा गिरवला. आजचे व्याख्यान त्या उशिराविषयी आहे.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा मानला जात नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपण म्हणतो. परंतु त्या वेळी तिच्याशी कोण कसे बोलले, तिला कोणी कसे हाताळले, हे ती आपल्या आईलाही पुरतेपणी सांगत नाही. 'बाळ सुखरूप आहे ना, मग झाले तर' या एका वाक्याने तिचे तोंड बंद होते.

गोष्ट १९८०च्या दशकातील. मी एका सरकारी रुग्णालयात नुकतीच रुजू झाले होते. एका रात्री पूर्वेकडच्या खेड्यातून एक पहिलटकरीण आली. सोबतच्या सासूला आम्ही नियमाप्रमाणे दाराबाहेर बसवले. ती मुलगी पुन्हा पुन्हा म्हणे, "नीर कोडरी." पाणी द्या. आपण सीमाभागातील माणसे. कानडी मला उत्तम समजत होते. तरीही मी तिच्या अंगावर ओरडले, तिला गप्प पडून राहायला सांगितले आणि पाणी दिले नाही. पुढे तिला न विचारता, न सांगता छेद घेतला आणि टाके घातले. घरी जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मी माझ्या कामाची पावती समजले.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली, ती घरी बाळंत होऊन, रक्तस्राव थांबेना म्हणून. सुदैवाने वाचली. "आधीच का आणले नाही?" असे मी सासूला दरडावून विचारले. म्हातारी शांतपणे म्हणाली, की तिथे पाणी देत नाहीत आणि अंगावर धावून येतात, म्हणून सूनच येईना.

त्या उत्तराने मला जे शिकवले, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे. प्रसूतीच्या वेळची गैरवागणूक हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. तो उपचारातील दोष आहे. आणि हा दोष सर्वांत आधी त्या स्त्रीलाच दिसतो. म्हणून तिची तक्रार ही रक्तदाबाच्या नोंदीइतकीच गंभीरपणे घेतली पाहिजे.

वैद्यकाच्या इतिहासात याचा एक जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के माता दगावल्या, तर दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. गरोदर स्त्रिया गुडघे टेकून विनवीत, की आम्हाला पहिल्या विभागात घालू नका. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी कारण शोधले : शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात येत होते. क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे होताच मृत्यू झपाट्याने घटले. त्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु कोणत्या दाराआड मरण आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळले होते.

आता त्या पाण्याकडे वळू. प्रसूतीच्या वेळी तोंडाने काही देऊ नये, हा नियम आला कोठून? १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी दाखवले, की संपूर्ण भूल दिलेल्या स्त्रीच्या पोटातील अन्न व आम्ल श्वासनलिकेत जाऊन तिच्या जिवाला धोका होऊ शकतो. भीती खरी होती, पण ती भूल दिलेल्या स्त्रीपुरती. पुढे शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरून हा नियम सरसकट सर्वांना लागू झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकाळातील सेवेविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार फारसा धोका नसलेल्या स्त्रीला कळांच्या काळात पाणी व अन्न घेऊ द्यावे, हिंडूफिरू द्यावे. सरसकट छेद घेऊ नये आणि मूल बाहेर यावे म्हणून पोट वरून दाबू नये. ज्यांना आम्ही शिस्त म्हणत होतो, त्यांतील कितीतरी गोष्टींना शास्त्राचा आधार नव्हता.

गैरवागणूक म्हणजे केवळ चापट मारणे नव्हे. डायना बाउझर आणि कॅथलीन हिल यांनी २०१० साली तिचे सात प्रकार सांगितले : मारहाण, संमतीवाचून उपचार, आडोसा व गुप्तता न राखणे, अपमानास्पद बोलणे, भेदभाव, एकटे सोडून देणे आणि बिलासाठी अडकवून ठेवणे. पुढे घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत दोन हजारांवर स्त्रियांच्या प्रसूतीचे प्रत्यक्ष निरीक्षण झाले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांना मारहाण, शिवीगाळ अथवा भेदभाव सोसावा लागला होता. मारहाण व शिवीगाळ यांचे प्रमाण जन्माच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटे या काळात सर्वाधिक होते. म्हणजे ती सर्वांत असहाय असते, नेमकी तेव्हा.

आपल्या देशाचे यश मी कमी लेखत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली सुमारे ३९ टक्के प्रसूती दवाखान्यांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ८८.६ टक्के झाले. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत परिचारिकांनी १,६२० स्त्रियांवर केलेली चाचणी २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, असे तिने दाखवले. परंतु अशी गोळी उपयोगी पडावी, तर बाईने परिचारिकेला वेळेवर बोलावले पाहिजे. आणि जिची धास्ती वाटते, तिला कोणी वेळेवर बोलावीत नाही.

येथे परिचारिकांवर अन्याय होऊ नये. एकीने एका रात्री अनेक बाळंतिणी सांभाळायच्या, औषध संपले तर बोलणी खायची, वरिष्ठांचा राग गिळायचा. मग तो राग सर्वांत खालच्या पायरीवर, खाटेवरील बाईवर निघतो. "ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही," हे मलाही माझ्या वरिष्ठांनीच शिकवले होते. दोष मनुष्याचा आहे, तसा व्यवस्थेचाही आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला म्हणजे सोबत. २६ चाचण्या व १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव एकत्र करून २०१७ साली निष्कर्ष निघाला, की सतत कोणी जवळ असेल तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, शस्त्रक्रिया कमी होतात आणि कळांचा काळही काहीसा घटतो. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीस मान्यता दिली आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक सेवेचा समावेश केला. दुसरा उपाय म्हणजे दोन खाटांमध्ये पडदा. तिसरा, प्रत्येक तपासणीपूर्वी आणि छेदापूर्वी तिच्या भाषेत, मग ती मराठी असो वा कानडी, सांगणे व विचारणे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. आणि लेकीसुनांना बाळंतपणाला घेऊन जाणारे तर आपण सर्वच आहोत. नाव नोंदवतानाच विचारा : आत सोबत कोणाला येऊ देता? आणि ती घरी परतल्यावर बाळाचे वजन विचारून थांबू नका. तुझ्याशी कसे वागले, हेही विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

त्या मुलीची मी कधी क्षमा मागितली नाही. मागावी हे कळले, तेव्हा तिचा पत्ता माझ्याजवळ नव्हता. एवढेच करता आले, की पुढे माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकीला मी ही हकीकत स्वतःचे नाव घेऊन सांगितली आणि आमच्या प्रसूतिकक्षात पाण्याचा माठ ठेवला. बाई असत्या, तर त्यांनी मला रागावण्याऐवजी पुन्हा फळ्याकडे वळून हाच धडा लिहिला असता.