सरोवरातला राजवाडा आणि मोडलेली राज्यघटना

उत्तर जर्मनीतील श्वेरीन हे मेक्लेनबुर्गच्या ड्यूकांच्या राजधानीचे गाव. काठाशी साठ चौरस किलोमीटरहून मोठे सरोवर, त्यात एक लहानसे बेट आणि बेटावर सोनेरी घुमटाचा, असंख्य मनोऱ्यांचा राजवाडा. येणारे प्रवासी त्याला परीकथेतला वाडा म्हणतात. वाड्याचा इतिहास मात्र परीकथेचा नाही. प्रजेला दिलेली राज्यघटना वर्षभरात परत घेतली गेली, त्याच काळात हा वाडा उभा राहिला.

बेटाची कहाणी फार जुनी आहे. दहाव्या शतकात इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधला ज्यू प्रवासी या भागात आला होता. गोड्या पाण्यातल्या एका किल्ल्याचे वर्णन त्याने अरबीत लिहून ठेवले आहे. ते इथलेच, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा इथे ओबोट्राइट या स्लाव्ह लोकांचे राज्य होते. ११६० मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश, ज्याला 'सिंह' म्हणत, चाल करून आला. ओबोट्राइटांचा राजा निक्लोट याने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून किल्ला स्वतःच पेटवला आणि त्याच वर्षी तो लढाईत मारला गेला. जर्मन श्वेरीनची स्थापना याच वर्षातली मानतात. पण निक्लोटचा वंश संपला नाही. त्याच्या मुलाने जेत्यांशी तह केला, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्याच घराण्यातून मेक्लेनबुर्गचे ड्यूक झाले. १३५८ मध्ये त्यांनी श्वेरीनची जहागीर पैसे मोजून विकत घेतली. तलवारीने गेलेले बेट सुमारे दोनशे वर्षांनी खरेदीने परत आले! आज वाड्याच्या दर्शनी भागावर निक्लोटचा घोड्यावरचा पुतळा आहे.

अठराव्या शतकात दरबार लुडविग्सलुस्टला हलला. तो १८३७ मध्ये परतला आणि १८४५ पासून जुना वाडा बराचसा पाडून नव्याचे बांधकाम सुरू झाले. मुख्य वास्तुविशारद होता गेओर्ग आडोल्फ डेम्लर. त्याच्यापुढे फ्रान्समधल्या शांबोरच्या प्रासादाचा आदर्श होता.

बांधकाम चालू असतानाच १८४८ ची क्रांती झाली. मेक्लेनबुर्गचा कारभार तेव्हा १७५५ च्या एका करारावर चाले. ड्यूक आणि जमीनदार सरदार यांनी आपसांत केलेल्या त्या करारात शेतकऱ्याला आवाजच नव्हता. लोकांच्या रेट्यामुळे ऑक्टोबर १८४९ मध्ये ग्रँड ड्यूक फ्रीड्रिश फ्रान्त्स दुसरा याने आधुनिक राज्यघटना दिली. सरदार बिथरले. सप्टेंबर १८५० मध्ये फ्रायेनवाल्डे इथल्या लवादाने ही घटना रद्दबातल ठरवली आणि अठराव्या शतकातला करार पुन्हा लागू झाला. लोकशाही मतांच्या डेम्लरला १८५१ मध्ये नोकरीतून काढून टाकण्यात आले. उरलेले काम श्टूलर या वास्तुविशारदाने १८५७ मध्ये पुरे केले. डेम्लर पुढे १८७७ मध्ये समाजवादी पक्षाचा खासदार म्हणून बर्लिनच्या संसदेत गेला. मेक्लेनबुर्गला मात्र १९१८ पर्यंत आधुनिक घटना मिळाली नाही.

आत शिरले की सिंहासनाची खोली पाहावी आणि सोळाव्या शतकातले वाड्याचे प्रार्थनामंदिरही. पेटरमेन्शेन नावाच्या बुटक्या भुताच्या गोष्टी इथे कानावर पडतातच. ते सज्जनांच्या पाठीशी असते आणि चोरांना सतावते म्हणतात. गावात विटांचे गॉथिक कॅथीड्रल आहे. त्याचा मनोरा ११७ मीटरहून उंच असून तो १८९३ मध्ये पुरा झाला.

इथल्या सरकारी संग्रहालयाचे एक चित्र आपल्याला जवळचे वाटेल. क्लारा नावाची गेंडीण १७४१ मध्ये बंगालमधून डच जहाजाने युरोपात पोहोचली आणि वर्षानुवर्षे गावोगाव दाखवली गेली. पॅरिसमध्ये १७४९ साली उद्री या चित्रकाराने तिचे पूर्णाकृती चित्र काढले. ते श्वेरीनच्या ड्यूकाने विकत घेतले.

डिसेंबर १९१३ मध्ये वाड्याला आग लागली आणि सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. दुरुस्ती पुरी होण्याआधीच महायुद्ध आले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये शेवटच्या ग्रँड ड्यूकने पदत्याग केला. मग वाड्यात संग्रहालय झाले. पूर्व जर्मनीच्या काळात जवळपास तीन दशके इथे बालवाडीच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण चाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९० पासून, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याची विधानसभा या वाड्यात भरते. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने वाडा आणि भोवतीच्या दरबारी वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती बैठक नवी दिल्लीत झाली आणि आसाममधल्या अहोम राजांच्या मैदामांचीही नोंद तिथेच झाली.

संस्थाने गेली की राजवाड्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यालाही पडला होता. कुठे हॉटेल झाले, कुठे कचेरी, कुठे नुसती पडझड. श्वेरीनने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. १९१३ च्या आगीत 'सोनेरी दिवाणखाना' जळाला होता. त्याच जागी विधानसभेचे नवे सभागृह बांधून २०१७ मध्ये खुले झाले. ज्या काळात शेतकऱ्याचा आवाज नाकारला गेला, त्या काळात बांधलेल्या वाड्यात आज त्यांच्या वंशजांचे निवडून आलेले प्रतिनिधी अंदाजपत्रकावर वाद घालतात. डेम्लरला हे पाहायला मिळाले असते तर आपली नोकरी गेल्याचे त्याला फारसे दुःख वाटले नसते.