सागवानी बाकही दोन पावसाळ्यांत का कुजतो? घराबाहेरच्या फर्निचरसाठी लाकूड आणि पॉलिश कसं निवडायचं?

एप्रिलमध्ये गच्चीवर नवा सागवानी बाक येतो. पॉलिश इतकं चकचकीत की त्यात आभाळ दिसावं. पहिला पावसाळा निभावतो. दुसऱ्या दिवाळीपर्यंत मात्र पॉलिशचे पापुद्रे सुटायला लागतात आणि पायांशी लाकूड मऊ पडलेलं असतं. सुतार म्हणतो, पॉलिश नीट झालं नव्हतं. पॉलिशवाला म्हणतो, लाकूडच कच्चं होतं. पैसे मात्र घरमालकाचे गेलेले असतात.

दुसरीकडे, मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानातून बांधलेली 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. बऱ्याच दुरुस्त्यांनंतर ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे.

मग सागवानाचं जहाज दोनशे वर्षं टिकतं आणि बाक दोन वर्षांत का जातो?

लाकूड पाण्याने कुजतं का?

थेट पाण्याने नाही. लाकूड कुजवते ती बुरशी आणि तिला वाढायला ओलावा लागतो. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ही बुरशी वाढू शकत नाही. म्हणून घरातलं जुनं कपाट पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

बाहेरचं लाकूड भिजणारच. प्रश्न आहे तो भिजल्यावर वाळतं का, याचा. तासभर पाऊस पडला आणि नंतर वारा लागला, तर फारसं बिघडत नाही. पण सांध्यात, पायाखाली किंवा पॉलिशच्या थराखाली पाणी अडकून राहिलं, की कुजण्याची सुरुवात तिथून होते.

लाकूड राखाडी होणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन तुटतं, पावसात धुऊन जातं आणि रंग उतरतो. हा बदल फक्त वरच्या पातळ थरात होतो. राखाडी झालेला सागवानी बाक आतून ठणठणीत असू शकतो.

'सागवान आहे' एवढं पुरेसं आहे का?

नाही. खोडाचे दोन भाग असतात. आतला गडद भाग म्हणजे गाभा आणि सालीजवळचा फिकट, पांढरट भाग म्हणजे रसकाष्ठ. सागवानाला टिकाऊ करणारी नैसर्गिक द्रव्यं गाभ्यात असतात. रसकाष्ठ सागवानाचं असलं, तरी ते बुरशी आणि वाळवीपुढे टिकत नाही.

कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात या पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे 'सागवान' हे नाव खरं असूनही माल कच्चा असू शकतो. त्यावर गडद रंगाचं पॉलिश चढलं, की दोन्ही भाग सारखेच दिसतात. म्हणून फळ्या वखारीतच, रंधा मारल्यावर आणि रंग लावण्याआधी बघाव्यात. कडेला फिकट पट्टा दिसला, तर ती फळी पाय आणि सांध्यांसाठी घेऊ नये.

लाकूड वाळलं आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. एक तुकडा घरी आणून वजन करा आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवा. दोन आठवड्यांनी वजन बरंच घटलं, तर माल ओला होता. ओल्या लाकडाचं फर्निचर नंतर आकसतं, सांधे उघडतात आणि त्यातून पाणी आत जातं.

सागवान परवडत नसेल तर?

आधी जागा बघावी. छप्पर असलेल्या पडवीत किंवा व्हरांड्यात फणसाच्या गाभ्याचं लाकूड चालतं. कोकणात घराच्या दारं-खिडक्यांसाठी ते पूर्वीपासून वापरलं जातं. आंबा, रबरवुड आणि पाइन ही लाकडं मात्र प्रक्रिया न करता उघड्यावर ठेवली, तर लवकर कुजतात.

सध्या पॅलेटच्या पाइनपासून सोफे बनवण्याची फॅशन आहे. त्यावरच्या 'एचटी' शिक्क्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो. या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की कीड मारण्यासाठी ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलं आहे. कुजण्यापासून त्याला कोणतंही संरक्षण मिळालेलं नसतं.

असं संरक्षण देणारी रासायनिक प्रक्रिया वेगळी असते. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवायची 'सीसीए' ही जगभर गाजलेली पद्धत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधली. पण त्यातल्या आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ती थांबवण्यात आली. म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड घेताना त्यात कोणतं रसायन आहे, हे विचारायला हवं. अशा लाकडाचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जाळू नयेत.

पॉलिश कोणतं लावायचं?

लाखेचं फ्रेंच पॉलिश आणि मेलामाइन घराच्या आतल्या फर्निचरसाठी ठीक आहेत. बाहेरसाठी मुख्यतः दोन पर्याय उरतात.

पहिला पर्याय थर धरणारा. बाहेरच्या वापराचं पीयू किंवा व्हार्निश यात येतं. दिसायला ते सुंदर असतं. पण दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि थराला सांध्यांजवळ भेगा पडतात. त्या भेगांतून शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. पारदर्शक थरातून ऊनही आत पोहोचतं, त्यामुळे खालचा पृष्ठभाग सुटतो आणि पापुद्रे निघतात. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून काम करावं लागतं.

दुसरा पर्याय मुरणारा. यात लाकडासाठीचं तेल किंवा रंगद्रव्य असलेला वुड स्टेन येतो. चकाकी कमी असते, पण पापुद्रे निघत नाहीत. रंगद्रव्य ऊन अडवतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी लाकूड कोरडं असताना, धुऊन, वाळवून पुन्हा हात फिरवला की काम भागतं. सागवानाचा गाभा असेल आणि राखाडी रंग चालणार असेल, तर काहीच लावलं नाही तरी चालतं.

एक इशारा महत्त्वाचा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर तो स्वतःहून पेट घेऊ शकतो. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साठत जाते. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

सुताराला काय सांगायचं?

- बसायच्या जागी सलग फळी नको. पट्ट्यांमध्ये फट ठेवा, म्हणजे पाणी निथळेल.
- फळीचं आडवं कापलेलं टोक सर्वांत जास्त पाणी शोषतं. पायांची खालची टोकं इपॉक्सीने बंद करा आणि खाली रबराचे बूट लावा.
- लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोवतीचं लाकूड काळं पडून कमजोर होतं. स्टेनलेस स्टीलचे वापरा. समुद्राजवळ ३१६ ग्रेड घ्या.
- साधा पांढरा गोंद नको, वॉटरप्रूफ गोंद मागा.

झोपाळा असेल तर दर पावसाळ्यानंतर कड्यांभोवतीचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावं. टोक सहज आत गेलं, तर त्यावर कोणालाही बसू देऊ नये. वरचं पॉलिश कितीही नवं दिसलं तरी.

बजेट कमी असेल, तर पैसे आधी गाभ्याच्या लाकडावर आणि स्टीलच्या स्क्रूंवर खर्च करावेत. पॉलिश पुढच्या वर्षीही करता येतं. कुजलेला पाय मात्र बदलावाच लागतो.