थंडीने पडलेला इग्वाना मेलेला नसतो

दर जानेवारीत तो व्हिडिओ हटकून फिरतो. मायामीतल्या कुठल्याशा अंगणात, झाडाखाली पाय ताणून पडलेला तीन-चार फुटी हिरवट सरडा, आणि खाली मजकूर: ‘अमेरिकेत पालींचा पाऊस! थंडीने सगळ्या मेल्या.’ त्यावर कोणी हळहळतं, कोणी ‘बरं झालं, पीडा गेली’ म्हणतं. चुकतात दोघंही.

एक तर ती पाल नव्हे. तो हिरवा इग्वाना, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. दक्षिण फ्लोरिडात त्याची पहिली नोंद १९६०च्या दशकातली. हौसेने पाळलेले काही निसटले, काही मालकांनीच सोडून दिले आणि कालव्यांच्या काठाकाठाने त्यांनी बस्तान बसवलं.

दुसरं म्हणजे तो मेलेला नसतो, आणि हे कितीदा सांगायचं? इग्वाना अंगाची ऊब बाहेरून घेतो. पारा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की त्याचे स्नायू आखडतात, फांदीवरची पकड सुटते आणि तो धपकन खाली येतो. श्वास चालूच असतो. २१ जानेवारी २०२० रोजी तर मायामीच्या हवामान कार्यालयानेच रीतसर इशारा दिला होता: आज रात्री झाडांवरून इग्वाना पडले तर दचकू नका, ते मेलेले नसतात. ऊन चढलं की स्वारी डोळे उघडते आणि चालू लागते. म्हणूनच कीव येऊन त्याला घरात किंवा गाडीत घेऊ नका, असं तिथला वन्यजीव आयोग बजावतो. मागच्या सीटवर शुद्धीत आलेल्या इग्वानाला करवतीसारखे दात असतात, धारदार नखं असतात आणि शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो.

कडाका लांबला तर ते मरतातही. जानेवारी २०१० मध्ये मोठ्या संख्येने मेले. मग पीडा गेली का? एक मादी एका वेळी १४ ते ७६ अंडी घालते. काही वर्षांत पुन्हा जैसे थे.

थंडीवर भिस्त ठेवणं महागात पडतं ते बिळांमुळे. अंडी घालायला मादी जमीन पोखरते. वरून फरशी शाबूत दिसते, खालची माती मात्र निघून गेलेली असते. मग एक दिवस पायवाट खचते, कालव्याकाठची भिंत कलते. वेस्ट पाम बीच शहराला २०२० मध्ये अशाच पोखरलेल्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीवर सुमारे १८ लाख डॉलर खर्चावे लागले.

घरापुरते उपाय साधे आहेत, पण ते करावे लागतात. जास्वंद हा त्याचा आवडता खाऊ. ती काढावी, नाहीतर जाळीत ठेवावी. झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून दीडेक फुटावर गुळगुळीत पत्रा गुंडाळला की नखं रुतत नाहीत. बिळात कोणी नाही याची खात्री करून ते बुजवावं. जुन्या सीडी टांगणं, वाऱ्यावर किणकिणणारी घुंगरं लावणं, नळीने पाण्याचा फवारा मारणं हेही आयोग सुचवतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पकडून लांब सोडला की झालं.’ नाही. पकडलेला इग्वाना दुसरीकडे सोडणं फ्लोरिडात बेकायदा आहे. एप्रिल २०२१ पासून तो प्रतिबंधित प्रजातींच्या यादीत आहे.

‘चावला की विष चढतं.’ चढत नाही, पण जखम खोल होते. शिवाय त्याच्याकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे विष्ठा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत.

‘शेपटी तुटली, आता तो जगत नाही.’ जगतो. शेपटी पुन्हा येते.

‘पाण्यात उतरला की बुडेल.’ तो पट्टीचा पोहणारा आहे. पाण्याखाली चार तासांपर्यंत राहू शकतो.

‘ही आपली घोरपडच.’ मुळीच नव्हे. घोरपड मांसाहारी, इग्वाना मुख्यतः पाला-फुलं खाणारा. घोरपडीची खरी भाऊबंद, आफ्रिकेतली नाईल मॉनिटर, फ्लोरिडात केप कोरलच्या परिसरात घुसली आहे, पण ते प्रकरण वेगळं.

आणि तो व्हिडिओ येतो त्या दिवसांकडेही लक्ष असावं. त्यापाठोपाठ येणारे फेब्रुवारी-मार्च हे माद्यांचे अंडी घालण्याचे महिने. झाडाखाली इग्वाना पडलेला दिसला, तर त्याचा फोटो काढून झाल्यावर घरामागच्या कालव्याच्या भिंतीशी एक चक्कर मारावी आणि ताजी उकरलेली माती कुठे दिसते का ते पाहावं.